फ्रिजवरचा कागद

६ फेब्रुवारी २०२३

श्रीमती लोरीन स्टिडम यांस,

तुमचं पत्र शनिवारी मिळालं. तुमच्या वकीलबाईंना उगाच वाट बघायला लागू नये म्हणून उत्तर लगेच देते. उत्तर ‘नाही’ असं आहे.

तुमची मागणी मला कळलेली नाही असं तुम्ही म्हणू नये म्हणून ती आधी इथे मांडते. तुमच्या ड्वेनची मुलगी जोसी, वय वर्षं पाच, ऑगस्टपासून सरकारी ताब्यात आहे. ड्वेन नशेच्या गोळ्यांपायी तुरुंगात आहे आणि मुलीच्या आईचा ठावठिकाणा नाही. मुलगी रीतीप्रमाणे आजीकडे यायला हवी होती. पण राज्याच्या यादीत तुमच्या नावापुढे लिहिलेलं आहे: ‘मुलीला उपाशी ठेवलं, ठपका सिद्ध, ऑक्टोबर १९९२.’ त्या यादीतल्या माणसाच्या घरी मूल देत नाहीत. सध्या जोसी ज्या कुटुंबाकडे आहे, ते तिला दत्तक मागताहेत. न्यायाधीश २१ एप्रिलला निकाल देतील. त्याआधी मी, म्हणजे तो ठपका लिहिणाऱ्या तपासनीस बाईने, शपथेवर सांगावं की ठपका चुकीचा होता.

मी चाळीस वर्षं बालसंरक्षण खात्यात तपासनीस होते. अकराशेच्या वर घरांत शिरले. त्यातल्या एकेका घराबद्दल आता मागे वळून बोलायला लागले, तर माझं उरलेलं आयुष्य पुरायचं नाही. त्या दिवशी जे दिसलं त्यावर मी निर्णय घेतला. फ्रिजला साखळी आणि कुलूप. खाण्याच्या कपाटाला दुसरं कुलूप. तुमची सात वर्षांची टॅमरा शाळेत बाईंना सांगते, ‘आई जेवायला देत नाही.’ कचऱ्याच्या डब्यातून दुसऱ्यांचे अर्धे सँडविच काढून खाते. माझ्या जागी कोणीही तेच केलं असतं. टॅमराचा आजार त्या काळी आमच्या डोंगराळ भागात कोणाला माहीत नव्हता.

प्रकरणाची फाइल वीस वर्षांनी नियमाप्रमाणे नष्ट झाली. माझ्याकडे काही नाही.

तुमच्या नातीचं भलं व्हावं.

युनिस हार्बॉ


१९ फेब्रुवारी २०२३

श्रीमती स्टिडम,

तुम्ही एका ओळीचं उत्तर पाठवलंत. ‘बाई, तुम्हाला कागद दाखवला होता.’

खरं आहे, दाखवला होता. मागच्या पत्रात मी ते लिहायला हवं होतं.

आजही तुमचं स्वयंपाकघर जसंच्या तसं सांगू शकते. शुक्रवार होता, दुपारचे सव्वातीन. चुलीवर घेवड्याचा रस्सा. ड्वेन टेबलाखाली बसून आगगाडी फिरवत होता. आमच्या कामाची रीत अशी की घरात शिरलं की आधी नमस्कार, मग पाळणे नि बिछाने मोजायचे, आणि मग फ्रिज. आई काय सांगते ते नंतर ऐकायचं, कारण प्रत्येक आई काहीतरी सांगतेच. फ्रिज खोटं बोलत नाही, असं मी नव्या मुलींना शिकवत असे.

मी साखळीला हात लावला आणि तुम्ही म्हणालात, “तिथेच कागद आहे. आधी तो वाचा.”

कोंबड्याच्या आकाराचं चुंबक होतं. त्याखाली घडी उलगडलेला एक कागद. शहरातल्या मोठ्या इस्पितळाचा.

मी म्हणाले, “आधी कुलूप उघडा.”

“उघडते. पण पोरीला बाहेर न्या. तिच्या समोर नको.”

“का? तिने बघितलं तर काय होईल?”

“बाई, तिचं पोट भरतच नाही. म्हणजे भरतं, पण तिला कळत नाही. तो डॉक्टर म्हणाला, मेंदूतच काहीतरी आहे. उघडं ठेवलं तर मरेपर्यंत खाईल.”

मी तुमच्याकडे बघितलं. तुमच्या अंगावर मांस कापायच्या कारखान्यातला पांढरा झगा होता आणि बाहीला रक्त लागलेलं होतं. कामावरून थेट आलेल्या बाईच्या झग्याला असायचंच. पण मी तेही टिपून घेतलं.

मी तो कागद वाचला नाही. त्या वेळी वेळ नव्हता.

युनिस हार्बॉ


३ मार्च

श्रीमती स्टिडम,

तुमचं काही उत्तर नाही, तरी हे कळवते. काल मी शेल्बी ननलीला भेटले. तुमच्या नातीचं प्रकरण तिच्याकडे आहे. मी निवृत्त होण्याआधी शेवटच्या तुकडीत तिला शिकवलं होतं. नाक्यावरच्या खाणावळीत बसलो. तिने माझ्यासाठी ॲपल पायचा तुकडा मागवला, मला न विचारता.

मी म्हणाले, “स्टिडम बाईंचं घर बघितलंस का?”

“नाही, मॅडम. बघायची गरजच पडली नाही. यादीत नाव आलं की गाडी तिथेच थांबते.”

“ठपका काय आहे ते वाचलंस?”

ती हसली. “वाचायला कशाला हवं? मला तोंडपाठ आहे. पहिल्याच दिवशी वर्गात तुम्हीच सांगितलीत ती गोष्ट. फ्रिजला साखळी. आई म्हणते पोरीला आजार आहे. आणि तुम्ही काय म्हणालात, आठवतं? ‘कुलपाला कारण लागत नाही, किल्ली लागते.’ म्हणजे आईचं ऐकत बसायचं नाही, किल्ली मागायची. आम्ही सगळ्या मुली ते एकमेकींना म्हणायचो. मी घराघरात फ्रिज उघडताना अजून म्हणते.”

“ती गोष्ट तिच्याबद्दल होती हे तुला कसं कळलं?”

“नाव तुम्ही सांगितलं नव्हतं. पण काउंटी एवढीशी, मॅडम. साखळीवाल्या बायका किती असणार?”

मी तो तुकडा तसाच ठेवला. ती म्हणाली, “काय झालं? आवडला नाही का? तुम्ही तर आम्हाला सांगायचात, समोर आलेलं खा, नाही म्हणू नका, लोक दुखावतात.”

ती चांगली मुलगी आहे. कामात चुकारपणा करत नाही. तिने मला विचारलं, “मग शेवटी त्या पोरीचं काय झालं? ते कधी सांगितलं नाहीत तुम्ही.”

मी म्हणाले, “जिवंत आहे.”

आणि उठले.

यु. हार्बॉ


१५ मार्च २०२३

लोरीन,

मी तुम्हाला नावाने हाक मारते आहे. चालणार नसेल तर कळवा.

दुसऱ्या पत्रात मी लिहिलं की कागद वाचला नाही. ते खोटं आहे.

आम्हाला खासगी वह्या ठेवायला मनाई होती. जे काय ते फाइलमध्ये. पण मी खिशातल्या छोट्या वह्या ठेवत असे, निळ्या पुठ्ठ्याच्या, दर वर्षाच्या दोन किंवा तीन. फाइली जळाल्या तरी वह्या माझ्या कपाटात आहेत. १९९२ची तिसरी वही मी काल काढली. त्यातलं पान जसं आहे तसं उतरवते:

‘शुक्र. १६ ऑक्टो. स्टिडम. साखळी, दोन कुलुपं. आई म्हणते आजार. फ्रिजवर डॉ. चं पत्र, दोन परिच्छेद, वाचलं. जन्मजात विकार, भूक न भागणे, अन्न कुलपात ठेवावे. सोम. फोन करून खात्री. मुलीचं वजन ५१ पौंड.’

म्हणजे वाचलं. दोन्ही परिच्छेद. डॉक्टरने स्वच्छ शब्दांत लिहिलं होतं की कुलूप लावा. मी तेव्हा असं ठरवलं की आया जे सांगतात तेच डॉक्टर लिहून देतात. असे कागद मी पुष्कळ बघितले होते. त्यातले काही खरोखरच खोटे होते. हा त्यांतला नव्हता.

आणि वजन. एक्कावन्न पौंड. सात वर्षांच्या, त्या उंचीच्या मुलीचं वजन तेवढंच असायला हवं. मी वजन करवलं, लिहिलं, खाली रेघ मारली. उपाशी ठेवलेल्या मुलीचं वजन बरोबर कसं, हा प्रश्न मला पडला नाही. शिकाऊ मुलीने असं केलं असतं तर मी तिला वर्गाबाहेर काढलं असतं.

टॅमराला मी गाडीत बसवलं. माझ्या गाडीच्या मागच्या खणात बिस्किटांचा पुडा नेहमी असायचा, मुलांना रडू आवरावं म्हणून. ती रडली नाही. म्हणाली, “तुझ्याकडे खायला आहे?” वीस मिनिटांच्या रस्त्यात तिने पूर्ण पुडा संपवला, मग कागद चाटला. मी वहीत लिहिलं, ‘किती दिवसांची उपाशी.’

तुम्ही अंगणात उभ्या होतात. ओरडला नाहीत. फक्त म्हणालात, “बाई, तिथे सगळ्याला कुलूप लावायला सांगा. माझ्यावर विश्वास ठेवू नका, पण एवढं सांगा.”

मी सांभाळणाऱ्या कुटुंबाला उलट सांगितलं. गँट नावाचं जोडपं, स्वभावाने अतिशय चांगली माणसं. मी म्हणाले, “हिला कशालाही नाही म्हणू नका. घरातलं सगळं उघडं असू दे. हिला कळलं पाहिजे की जेवण मिळतं.” त्यांनी अगदी तसंच केलं. दोन आठवड्यांनी बाईंनी मला फोन केला. “ती कुत्र्याचं खाणं खातेय हो. रात्रीचं गोठवलेलं मांस कच्चंच खातेय.” मी म्हणाले, धीर धरा, उपासमारीची सवय आहे, जाईल.

सोमवारी फोन करायचा होता. सोमवारी दुसऱ्या एका घरी दोन लहान मुलं एकटी सापडली. मंगळवारी कोर्ट. मग तो फोन वहीतल्या पुढच्या पानावर गेला नाही. मी तो इस्पितळाला केला सदतिसाव्या दिवशी. गँट कुटुंबाच्या चर्चमधल्या जेवणानंतर टॅमराचं पोट फाटलं होतं, आणि शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर एका तरुण डॉक्टरने मला विचारलं होतं, “या मुलीला हा विकार आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही का?”

मी म्हणाले, “नाही.”

टॅमरा वाचली, तुमच्याकडे परत आली. माझ्या साहेबांनी ठपका मागे घ्यायचा अर्ज माझ्या टेबलावर ठेवला. एकाच पानाचा होता. म्हणाले, “हार्बॉ, हा भरून टाक, म्हणजे त्या बाईचं नाव यादीतून निघेल.” मी तो खणात ठेवला. त्यात ‘चूक कशी झाली’ अशी चार ओळींची जागा होती. साहेब पुढच्या वसंतात बदलून गेले. मला नंतर कोणी विचारलं नाही. मग मी ती गोष्ट वर्गात सांगायला लागले, अठरा वर्षं सांगितली, आणि शस्त्रक्रियेच्या आधीच ती संपवत असे.

हे कोणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते, कारण हे सांगायचं तर पहिल्यांदा तुम्हालाच सांगायला हवं.

माझी निवृत्तीची रक्कम किंवा नाव यांची मला भीती नव्हती. मला शेल्बीची भीती होती, आणि तिच्यासारख्या ज्या साठ-सत्तर मुली मी तयार केल्या त्यांची. त्या अजूनही घरांत शिरताहेत.

२१ एप्रिलला मी साक्ष द्यायला तयार आहे. तुमच्या वकीलबाईंना वही दाखवेन.

युनिस


२ एप्रिल

लोरीन,

तुमचं पत्र आलं. चार ओळी, त्यातल्या दोन मला टोचायला. ‘बाई, एवढं सगळं वहीत होतं तर तीस वर्षं ती वही कशाला राखली? शोभेला?’

आणि तुमची अट: ‘कोर्टात उभं राहायच्या आधी टॅमराला बघून या. मी तिथे फोन करून ठेवलाय.’

गेले. काल. गुडघ्यामुळे बसने जायला वेळ लागला.

तुम्ही दर दुसऱ्या रविवारी तिथे जाता, म्हणून मी वर्णन करत नाही. पण एक गोष्ट तुम्हाला रोजची असेल, मला नवी होती. टॅमरा राहते ते सहा जणांचं घर, सगळ्यांना तोच विकार. दार उघडणारी बाई मला आत घेता घेता म्हणाली, “पर्स बाहेरच्या कपाटात ठेवा, च्युइंगगमसुद्धा आत चालत नाही.” स्वयंपाकघराच्या दाराला जाड कुलूप. दारावर पाटी: ‘सतत बंद ठेवावे.’ खाली राज्याचा शिक्का आणि परवाना क्रमांक. त्याच राज्याचा शिक्का तुमच्या ठपक्यावर आहे.

टॅमरा अडतीस वर्षांची आहे, हे मला माहीत होतं, तरी मी सात वर्षांची मुलगी शोधत होते. ती कोडं जुळवत बसली होती, पाण्यातल्या बदकांचं. खूप सफाईने. मी नाव सांगितलं. तिला आठवत नव्हतं, किंवा आठवून काही उपयोग नव्हता.

“तुझ्या खिशात काय आहे?” तिने विचारलं.

“रुमाल.”

“दाखव.”

दाखवला. तिने उलटसुलट करून परत दिला.

“तू आईची मैत्रीण आहेस?”

“नाही.”

“मग कोण?”

मी म्हणाले, “मी तुला एकदा गाडीतून नेलं होतं.”

तिने कोड्याचा एक तुकडा बसवला. “बिस्किटं होती,” ती म्हणाली. “आई म्हणते एवढी खायला नको होती. पण चांगली होती.”

मग म्हणाली, “जोसी कधी येणार? मी तिला बदकं दाखवणार आहे. आई म्हणते न्यायाधीशाच्या हातात आहे. तुझ्या हातात काय आहे?”

“रुमाल,” मी म्हणाले.

तिला खूप हसू आलं. घरातल्या सगळ्यांना तिने तो विनोद सांगितला. मला तीनदा सांगायला लावला.

अट पूर्ण केली. २१ला नऊ वाजता पोचेन.

युनिस


२८ एप्रिल २०२३

लोरीन,

कोर्टातून बाहेर पडताना तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. तो तुमचा हक्क होता, आणि मी थांबलेही नाही. आज जे लिहायचं आहे ते कामाचं आहे.

तुम्ही तिथे होतातच, पण मी कागदावरचं सांगते, म्हणजे वकीलबाईंच्या भाषेत अडकायला नको. यादीतून तुमचं नाव गेलं. दत्तकाचा निकाल नव्वद दिवस पुढे ढकलला. या काळात तुमच्या घराची तपासणी होईल. ती समाधानकारक ठरली तर जोसी तुमच्याकडे येईल. मुलगी आली असं अजून कोणी म्हणू नये. तुम्हीही स्वतःशी म्हणू नका, तपासणी होईपर्यंत.

न्यायाधीशांनी मला विचारलं, “तुम्ही तो कागद वाचला होता?” मी हो म्हणाले. तेव्हा मागच्या बाकावर शेल्बी बसली होती, तुम्ही बघितलं असेल. ती माझ्याकडे बघत नव्हती. तिच्या मांडीवर वही होती, निळ्या पुठ्ठ्याची. ती सवय तिने माझ्याकडून घेतली आहे.

दोन दिवसांनी ती माझ्या घरी आली. दारातच उभी राहिली. आत ये म्हटलं तरी येईना.

“तुम्ही आम्हाला अर्धीच गोष्ट सांगितलीत,” ती म्हणाली.

“हो.”

“मी त्या अर्ध्या गोष्टीवर किती घरांतली मुलं नेली असतील, मॅडम?”

“मला माहीत नाही. तुझ्या वह्यांत बघ.”

ती रडली नाही. मी तिला तसंच शिकवलं आहे. “बघते आहे,” ती म्हणाली. “आठ वह्या झाल्या. अजून पाच आहेत.” मग म्हणाली, “पुढच्या गुरुवारी स्टिडम बाईंकडे तपासणीला जायचंय. दुसऱ्या कोणाकडे प्रकरण देऊ का?”

मी म्हणाले, “नको. तूच जा.”

आता तुमच्या चिठ्ठीतला प्रश्न. ‘गुरुवारी ती येऊन जाईपर्यंत फ्रिजचं कुलूप काढून ठेवू का? टॅमरा एखाद्या शनिवार-रविवारी येते तेव्हा लागतंच. पण तीस वर्षांत हाताला सवय झाली आहे, एकटी असतानाही लावते. खरं सांगा बाई, काढू का? तुम्हाला माहीत आहे ना त्यांना काय बघायचं असतं.’

मला माहीत आहे. म्हणून सांगते, काढू नका.

काढलंत, तर कपाटाच्या दारावरचे स्क्रूचे जुने व्रण दिसतील, आणि ज्या घरात काहीतरी काढून ठेवलं आहे ते घर तपासनिसाला लगेच कळतं. मलाही कळत असे. कुलूप आहे तिथे असू दे. साखळी पुसून ठेवा. किल्ली जोसीच्या हाताला येईल अशा खिळ्यावर नको. पण किल्ली कोणाकडे मागायची, हे जोसीला पहिल्या दिवशी दाखवायचं असं ठरवा, आणि शेल्बीला तेही सांगा. फळं टेबलावर नकोत, टॅमरासाठी. जोसीला मधल्या वेळी काय देणार ते लिहून ठेवा. वेळेनिशी. लिहिलेलं आम्हाला आवडतं.

आणि तो कागद. तुम्ही कोर्टात दाखवलात तोच, पिवळा पडलेला, चिकटपट्टीच्या डागांचा. वकीलबाईंकडून परत मागून घ्या. नक्कल नको. होता तिथेच लावा, कुलपाच्या वर, डोळ्यांच्या उंचीला. कोंबड्याचं चुंबक अजून असेल तर त्याच्याखाली.

शेल्बी गुरुवारी सव्वातीनच्या सुमारास येईल. नमस्कार करेल, बिछाने मोजेल आणि मग फ्रिजपाशी जाईल. तिथे ती थांबली तर तुम्ही काही समजावू नका, घाई करू नका. ती वाचत असेल.

युनिस हार्बॉ